धामणीची फळी आणि वर्कशॉपचे सर

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असं पत्र आलं तेव्हा प्रार्थना, सहली, आमची दहावीची बॅच, सगळ्यांबद्दलच लिहायचं मनात होतं. लिहायला बसलो आणि वर्कशॉपच्या सरांपुढे पेन सरकेना. आमच्या पिढीला त्यांची वेगळी ओळख लागत नाही. खाकी कोट, कानावर चपटी पेन्सिल आणि खिशात दुमडलेली लाकडी फूटपट्टी, एवढं म्हटलं तरी पुरे. मी आज जो काही आहे तो त्यांच्या हाताखाली झालो. त्यांनी आमच्याकडून धनुष्य करून घेतलं, ती हकीकत इथे सांगतो.

नववीत असताना स्नेहसंमेलनात एकलव्यावर नाटुकलं बसलं होतं. बांबूची कामटी वाकवायची, तिला सोनेरी कागद चिकटवायचा, असं दरवर्षीचं ठरलेलं. मराठीच्या बाई कामटी मागायला वर्कशॉपमध्ये आल्या. सर म्हणाले, "बाई, एकलव्याच्या हातात कामटी नको. आमची पोरं करतील धनुष्य." आम्ही टेक्निकलची पोरं तिथंच पटाश्यांना धार लावत बसलो होतो. शिवधनुष्य आपल्या गळ्यात पडलंय, हे कळायला आम्हाला थोडा वेळ लागला.

आम्हाला वाटलं, सागवान घ्यायचं. लाकूड म्हणजे साग, एवढंच आमचं ज्ञान. सर म्हणाले, "साग दाराला, कपाटाला. वाकून पुन्हा सरळ व्हायचं काम धामणीचं." धामण आम्ही रोज बघत होतो, पण कुऱ्हाडीच्या दांड्यात आणि कावडीच्या काठीत. शाळेच्या साठ्यात धामणीची एक फळी होती. ती आम्ही तासली, दोन्ही टोकांना खाचा पाडल्या, दोरी लावून भिंतीवर ओढायला लागलो आणि ती काडकन मोडली. सर रागावतील म्हणून सगळे गप्प. सरांनी दोन्ही तुकडे टेबलावर जोडून ठेवले, आम्हाला वाकून बघायला लावलं. लाकडाच्या रेषा मुठीपासून नीट येत होत्या, पुढं तिरक्या होत होत्या आणि बरोबर मोडलेल्या जागी काठाबाहेर जात होत्या. "ही आज मोडली नाही. करवतीनं फळी पाडली तेव्हाच धागा इथं तुटला. पाठीवर, म्हणजे बाण सोडणाऱ्यापासून लांबच्या बाजूला, ताण येतो; पोटावर, म्हणजे त्याच्याकडच्या बाजूला, दाब येतो. ताणाच्या बाजूचा धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड पाहिजे." ते तुकडे त्यांनी फेकू दिले नाहीत. पुढच्या वर्गांना दाखवायला भिंतीला टांगून ठेवले.

दुसऱ्या फळीसाठी सर आम्हाला वखारीत घेऊन गेले. अख्खी थप्पी उचकटली. प्रत्येक फळीचा रुंद भाग बघायचा, मग कड बघायची, मग दोन्ही तोंडं. गाठ दिसली की बाजूला, रेषा तिरकी दिसली की बाजूला. तळाजवळ एक सापडली. सहा फूट लांब, दोन इंच रुंद, इंचभर जाड, आणि रेषा रुळासारख्या सरळ. सरांनी ती बोटाच्या पेरानं ठोकली, आवाज ऐकला आणि पैसे स्वतःच्या खिशातून दिले.

मग आखणी. मधे वीतभर मूठ, तिथं पूर्ण जाडी. मुठीपासून दोन्हीकडे पातं, म्हणजे वाकणारा भाग, उतरत न्यायचं. अर्ध्यापर्यंत रुंदी तशीच ठेवायची, तिथून टोकाला अर्ध्या इंचावर आणायची. जाडीला हात लावण्याआधी सरांनी एक प्रयोग केला. एकाच लाकडाच्या, एकाच लांबीच्या पट्ट्या शेगड्यात, म्हणजे लाकूड घट्ट धरायच्या व्हाइसमध्ये, धरल्या आणि टोकांना वजनं टांगली. रुंदी निम्मी केली तर पट्टीचा जोर निम्मा होतो. जाडी निम्मी केली तर आठवा हिस्सा उरतो. गणितात घन शिकलो होतो, पण घन म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. "म्हणून पाठीला हत्यार लावायचं नाही. काढायचं ते पोटाकडनं, आणि एकेक शिलपा मोजून."

यानंतरचं काम माझ्या डोळ्यांसमोर अजून जसंच्या तसं आहे. वर्कशॉपच्या उत्तरेच्या भिंतीवर सरांनी खडूनं आडव्या रेघा मारल्या. मधोमध ठोकळा ठोकून त्यावर धनुष्याची मूठ टेकवली. खाली जमिनीलगत एक कप्पी बसवली. दोरी कप्पीतून घेऊन एकानं लांब उभं राहून हळू ओढायची, बाकीच्यांनी बघायचं. दोन्ही पाती रेघांवर सारखी उतरतात का? कुठं सपाट राहतंय? कुठं बिजागरीसारखं एकाच जागी वाकतंय? जिथं वाकत नाही तिथं पेन्सिलीच्या रेघोट्या ओढायच्या आणि त्या पुसल्या जाईपर्यंतच घासायचं. जिथं जास्त वाकतं, त्या जागेकडे बघायचंही नाही. आधी रंधा, मग कानस, शेवटी फुटक्या काचेची पट्टी. घासून झालं की पुन्हा भिंतीवर लावायचं आणि थोडं थोडं पुष्कळदा ओढायचं, म्हणजे लाकूड नव्या जाडीला सरावतं. दोष दिसला की त्याच्यापुढं इंचभरही ओढायचं नाही. तो आधी काढायचा.

एका संध्याकाळी वरचं पातं काही केल्या खालच्याइतकं उतरेना. भिंतीवर सगळं ठीक दिसत होतं, फरक मात्र राहत होता. सरांनी धनुष्य उतरवलं, डोळे मिटले, अंगठा आणि तर्जनीत पातं धरलं आणि मुठीकडून टोकाकडे बोटं सरकवत नेली. निम्म्याच्या पुढं थांबले. "इथं." माझा हात धरून माझी बोटंही त्याच जागेवरून फिरवली. आधी काहीच कळलं नाही. "घाई नको. पुन्हा." मग कळलं. केसाएवढा उंचवटा होता, डोळ्याला न दिसणारा. काच मीच चालवली. भिंतीवर लावलं तेव्हा दोन्ही टोकं एकाच रेघेवर आली. सर फक्त "हं" म्हणाले. त्या एका "हं"साठी आम्ही पोरं दिवसभर उभं राहायला तयार होतो.

दोरी चांभाराच्या दोऱ्याची, अनेक पदर एकत्र पिळून मेण चोळलेली. पाठीवर सरांनी जुन्या धोतराचं धुतलेलं कापड सरसानं चिकटवलं, म्हणजे एखादा धागा उचकटलाच तर जागीच दबून राहील. वरून अळशीचं तेल. धनुष्य किती जोराचं झालं ते बघायला रद्दीवाल्याचा ताणकाटा मागून आणला. बाण खेचतो तितकं खेचल्यावर काटा चौदा किलोवर आला. शाळेच्या पोराच्या अंगाला बेताचा जोर. आणि एक सक्त ताकीद: बाण लावल्याशिवाय दोरी ताणून सोडायची नाही. बाण घेऊन जातो तो सगळा जोर नाहीतर धनुष्याच्याच अंगात परत शिरतो आणि ते फुटतं.

संमेलनात एकलव्यानं बाण सोडला. टोकाला रबरी बूच होतं, विंगेत गवतानं भरलेलं पोतं होतं. पोत्यावर बसलेला धप्पकन आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि टाळ्या पडल्या. पडद्याआड मी सरांच्या शेजारी उभा होतो. त्यांची नजर ना नटावर, ना पोत्यावर. दोन्ही पाती सारखी वाकतात का, एवढंच ते बघत होते.

पुढं आयटीआय करून मी कोल्हापूरला पॅटर्न मेकर झालो. आज शिरोलीत माझं स्वतःचं पॅटर्न शॉप आहे. फाउंड्रीत वाळूचा साचा करायला आधी लाकडी नमुना लागतो, तो आम्ही करतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना शंभराला साधारण एक इतकं आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. आता सीएनसी मशीन आली, तरी जोडकामाच्या जागेवर मी बोटं फिरवून बघतो आणि नव्या पोरांचीही फिरवून घेतो. गिऱ्हाईक म्हणतं, तुमच्या नमुन्याला घासावं लागत नाही. ती कमाई सरांची आहे.

2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली, आणि त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळेही. दोघं कंपाउंड प्रकारातले. त्यांच्या धनुष्यांना कप्प्या असतात, पाती कृत्रिम धाग्यांची असतात, लाकडाचा संबंध नाही. तरी पेपरातल्या फोटोत मी आधी वरचं आणि खालचं पातं बघितलं. बायकोला सांगितलं, आज सर पाहिजे होते.

सर गेले. गेल्या वर्षी शाळेत आलो तेव्हा वर्कशॉपच्या जागी कॉम्प्युटर रूम दिसली. नवी इमारत देखणी आहे, कॉम्प्युटरही हवेतच, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेगडे भंगारात गेले, मोडलेल्या फळीचे ते तुकडे कुठं गेले कुणालाच ठाऊक नाही, आणि उत्तरेच्या भिंतीवर डिस्टेंपर चढलंय. दहावी झालेल्या पोराला लाकडाची उलट-सुलट रेषा ओळखता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. माझ्याकडे कामाला येणाऱ्या पोरांत ते रोज दिसतं.

म्हणून मुख्याध्यापकांना पत्र दिलं आहे. मागच्या अंगणातली जुनी सायकल शेड मोकळी करून दिली, तर चार बेंच, शेगडे, रंधे, पटाश्या आणि कानशी माझ्या शॉपमधून येतील. धामणीच्या निवडक फळ्या मी आतापासूनच वाळत ठेवल्या आहेत. जूनपासून दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी स्वतः येईन. आमच्या बॅचमधल्या ज्यांचे हात अजून चालतात, त्यांनीही यावं. एक भिंत मात्र रिकामी ठेवा, तिच्यावर खडूच्या रेघा मारायच्या आहेत.