खिळा लवकर कसा गंजेल?

गंज कसा रोखावा हे पुस्तकात होतेच. आमच्या विज्ञानाच्या सरांनी उलटा प्रश्न घातला : “खिळा लवकरात लवकर गंजवून दाखवा.” स्मरणिकेसाठी लिहा असा शाळेचा निरोप आला, तेव्हा मला आधी हाच प्रश्न आठवला. माझी पुढची सगळी नोकरी त्याच प्रश्नावर उभी राहिली.

तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो. गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, एवढे त्यातून कळते. सर त्याच्या पुढे गेले. आगरच्या जेलीत थोडे मीठ, फिनॉल्फ्थॅलिन (हायड्रॉक्साइड असेल तिथे गुलाबी होणारे) आणि पोटॅशियम फेरिसायनाइड (लोखंडाचे आयन असतील तिथे निळे होणारे) घालून त्यांनी त्यात खिळा ठेवला. दुसऱ्या दिवशी खिळ्याचे टोक आणि डोके निळ्या रंगात, मधला भाग गुलाबी रंगात वेढलेला! निळे होते तिथे लोखंड इलेक्ट्रॉन सोडून आयनरूपात विरघळत होते. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच मध्यभागी पोचत आणि तिथे ऑक्सिजन व पाण्यापासून हायड्रॉक्साइड बने, म्हणून गुलाबी. टोक आणि डोके दाबून घडवलेले, तिथल्या धातूत ताण उरलेला, म्हणून सुरुवात तिथून. धनाग्र (लोखंड विरघळते ती जागा) आणि ऋणाग्र (इलेक्ट्रॉन पोचतात ती जागा) एकाच खिळ्यावर, म्हणजे गंजणारा खिळा हा स्वतःच एक विद्युतघट!

एकदा हे दिसले की सरांच्या प्रश्नाची उत्तरे आपोआप सुचू लागतात. मिठाने पाण्याची विद्युतवाहकता वाढते आणि घट जोरात चालतो. व्हिनेगरमधले आम्ल पृष्ठभागावरचा संरक्षक थर खाते. तांब्याची तार गुंडाळली तर तांबे ऋणाग्र होते आणि लोखंड अधिक वेगाने झिजते. सर्वांत झटपट उपाय हायड्रोजन पेरॉक्साइडचा. खिळा आधी घासून तेलकटपणा काढायचा, व्हिनेगरने पुसायचा, मग मीठ मिसळलेले पेरॉक्साइड फवारायचे. काही मिनिटांत तांबूस रंग चढतो. हे उघड्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालूनच करावे. उरलेले मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नये. आणि घाईसाठी ब्लीचमध्ये व्हिनेगर तर कधीच ओतू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पुढे मी रंगलेपांच्या चाचणीत काम केले. तिथे लेप गंजापुढे किती टिकतो हे लवकर कळावे म्हणून लेप दिलेल्या पत्र्यांवर बंद पेटीत 35 अंश सेल्सिअसला 5 टक्के मिठाच्या पाण्याचे धुके सतत सोडतात. ही पद्धत प्रमाण म्हणून 1939 पासून चालत आली आहे. मला ती अपुरी वाटते. बाहेर पत्रा भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो. जस्ताच्या लेपावर त्या वाळण्यातच संरक्षक कार्बोनेटचा थर बसतो. सतत ओल्या पेटीत त्याला ती संधी मिळत नाही आणि चांगला लेप नापास होतो. त्यापेक्षा ओले-कोरडे चक्र चालवणाऱ्या चाचण्यांवर माझा अधिक विश्वास आहे.

आजच्या विद्यार्थ्यांनी जेलीचा तो प्रयोग जरूर करावा, आणि शेजारी दुसरा खिळा मॅग्नेशियमची फीत गुंडाळून ठेवावा. त्याच्याभोवती फक्त गुलाबी रंग येईल, निळा नाही. का नाही, हे सरांनी आम्हाला सांगितले नव्हते, शोधायला लावले होते. मीही इथे सांगत नाही.