हेपेनी पूल, दुसरा ठोकळा

पहिला ठोकळा बाद. सहा आठवडे रोज संध्याकाळी जेवणं उरकल्यावर कोरला होता, २० बाय ३० सेंटिमीटरचा करडा लिनो (लिनोलियमचा मऊ तुकडा: कोरायचा, शाई लावायची आणि कागदावर छापायचा). मागच्या नोंदीत "आता फक्त छापायचं बाकी" अशी फुशारकी मारून बसले होते, म्हणून आधी त्याचंच सांगते.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी: मी डब्लिनमध्ये राहते. शनिवारी वही घेऊन रस्त्यावर चित्रं काढते, त्यातली निवडक लिनोवर कोरते आणि घरीच छापते. प्रेस नाही. कागदावर दाब द्यायला लाकडी भातवाढीची पाठ. सासूबाईंनी दिलेली भातवाढी आता भाताला चालत नाही, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

चित्र लिफी नदीवरच्या हेपेनी पुलाचं. १८१६ सालचा, ओतीव लोखंडाचा, पांढरा रंगवलेला, फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. ओलांडायला अर्धी पेनी पडायची. तो टोल १९१९ मध्ये बंद झाला, नाव मात्र चिकटलं. मी ओ'कॉनेल पुलावर उभी राहून पश्चिमेकडे तोंड करून काढलं. म्हणजे डावीकडे दक्षिण काठ आणि मर्चंट्स आर्चची कमान, उजवीकडे उत्तर काठ आणि तिथलं 'वाइंडिंग स्टेअर' हे पुस्तकांचं दुकान. आता पाटीवरची अक्षरं ठशात उलटी कोरावी लागतात हे डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं, की ती ट्रेसिंग कागद पालथा घालून, तीनदा आरशात बघून उतरवली. आणि बाकीचं चित्र? ते कार्बन लावून जसंच्या तसं! छापलं तेव्हा अक्षरं सुलटी आणि शहर उलटं. पूल दोन्ही बाजूंनी सारखाच, त्यामुळे मला आठवडाभर कळलंच नाही. ऑफिसातल्या एका डब्लिनकराला कौतुकानं दाखवलं, तर त्यानं शांतपणे विचारलं, की हे दुकान नदीपलीकडे कधी हलवलं?

पण खरं सांगायचं तर ती चूक निमित्त झाली. प्रूफ, म्हणजे पहिली चाचणीची छाप, भिंतीला लावून चार दिवस बघत होते आणि काहीतरी खटकत होतं. कठड्याची जाळी नीट होती, पुलावरचे तिन्ही दिवे होते, पाण्यातली थरथरसुद्धा बरी जमली होती. सगळं होतं आणि पूल मेलेला होता. कारण त्यावर कोणीच नव्हतं. चित्र काढताना माणसं थांबत नाहीत म्हणून मी ती सोडून दिली होती. शनिवारी दुपारी हेपेनी पूल रिकामा! गणपतीत दगडूशेठसमोर शुकशुकाट दाखवावा तसं.

इथे पुन्हा चित्रकार हॅरी कर्नॉफकडे वळले. जन्म १९०० चा, लंडनचा. वडील रशियातून आलेले ज्यू, फर्निचर बनवणारे. १९१४ मध्ये कुटुंब डब्लिनला आलं. पोरगा दिवसा वडिलांच्या हाताखाली काम करायचा आणि रात्री मेट्रोपॉलिटन स्कूल ऑफ आर्टच्या वर्गांना जायचा. १९२३ मध्ये त्यानं टेलर शिष्यवृत्ती मिळवली. रात्रीच्या वर्गातल्या विद्यार्थ्याला ती मिळण्याची ती पहिलीच वेळ. पुढे लाकडी ठशांची तीन पुस्तकं काढली, १९४२, १९४४ आणि १९५१ मध्ये. शेवटच्यात ३६ ठसे आहेत. फर्निचरवाल्याच्या घरात वाढलेला माणूस लाकूड कोरायला घेतो तेव्हा त्याचा हात वेगळाच चालत असणार. लाकडाला तंतू असतात, आडवं गेलं की ढलपा उडतो. आपला लिनो बिचारा कुठूनही कापू देतो. (लिनो म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा भुगा आणि पाठीला तागाचं कापड. कोरताना येणारा तो वास मला जवसाच्या चटणीची आठवण करून देतो. इथे तेवढंच सुख.)

कर्नॉफचे रस्ते बघताना लक्षात आलं, की इमारती तो पटकन उरकतो आणि जीव ओततो तो टोपीत, खांद्यात, चालण्याच्या ढबीत. त्याचं सगळ्यांत गाजलेलं चित्र तर रस्त्याचंही नाही, पबातल्या दोन पिणाऱ्यांचं आहे, भोवती डब्लिनच्या पबांची नावंच नावं. शीर्षकाचा अर्थ, एका पंखावर पाखरू कधी उडालं नाही. दुसरा ग्लास मागायची तिथली सबब. ते रंगचित्र आहे म्हणून बरं, एवढी अक्षरं ठशासाठी उलटी कोरायची म्हणजे माझा तर जीवच गेला असता.

त्याच शहरातली, त्याच्या आधीच्या पिढीची एस्टेला सॉलोमन्स डब्लिनच्या बोळांची एचिंग करायची. तिची मला फार आवडतात, पण माझ्या कामाला आली नाहीत. एचिंगमध्ये धातूच्या पत्र्यावर जी रेघ ओढाल ती काळी उमटते, म्हणजे हात वहीतल्यासारखाच चालतो. लिनोत जे कोराल ते पांढरं. माझा पूल पांढरा, म्हणून मी पहिल्या ठोकळ्यात तो खरवडून साफ करून टाकला होता. त्यावर माणसं हवीत तर तिथला लिनो राखायला हवा होता. एकदा उडवलेला लिनो काही परत चिकटत नाही.

तेव्हा दुसरा ठोकळा. आधी तीन शनिवार फक्त पुलावरची माणसं. चेहरे नाहीत, प्रत्येकाला पाच-सहा सेकंद. वाऱ्यानं उलटी झालेली छत्री, बाबागाडी ढकलताना पुढे वाकलेली पाठ, मधोमध थबकून फोटो काढणारे आणि त्यांच्यामुळे तुंबलेले बाकीचे. पूल अरुंद आहे, साडेतीन मीटरच्या आसपास, त्यामुळे माणसं आपसूक एकमेकांवर चढतात आणि एकच सलग काळी आकृती होते. हे माझ्या पथ्यावर पडलं. चौदा माणसं मिळून एक तुकडा राखायचा, मधूनमधून एखादी पांढरी रेघ: कॉलर, पिशवीचा बंद, छत्रीची काडी. माणसांसाठी जेवढं कमी कोरलं तेवढी ती माणसं वाटायला लागली. या वेळी अख्खा ट्रेसिंग कागद पालथा घातला, हे वेगळं सांगायला नको.

थंडीत लिनो दगडासारखा होतो. कोरायच्या आधी गरम पाण्याच्या पिशवीवर दहा मिनिटं ठेवा, कोरणी लोण्यातून गेल्यासारखी जाते. जाळीसाठी सगळ्यांत बारीक व्ही कोरणी, आकाशासाठी रुंद यू. आकाशात कोरणीचे फटकारे मुद्दाम तसेच ठेवले, सगळे एकाच दिशेनं तिरके. डब्लिनच्या पावसाला दुसरं काही करावं लागत नाही.

छपाई: साबणपाण्यानं धुता येणारी तेलाची शाई, पातळ जपानी कागद. बारा प्रती काढल्या, तीन वाया. दोन ठिकाणी दाब कमी पडला आणि एक हलली. शाई वाळायला आठ दिवस लागले. आई फोनवर म्हणाली, उन्हात ठेव की! तिला या गावात कुरडया घालायला बोलवायला हवं.

प्रदर्शनाचं विचारणाऱ्यांना: रॉयल हायबर्नियन अकादमीचं वार्षिक प्रदर्शन बाहेरच्यांसाठी खुलं असतं, कोणीही चित्र पाठवावं, निवड समिती ठरवते. कर्नॉफनं तिथे १९२६ पासून जवळजवळ अर्धशतक चित्रं लावली. या अकादमीची ॲबी स्ट्रीटवरची मूळ इमारत १९१६ च्या ईस्टर उठावात जळाली, तेव्हा त्या वर्षीचं प्रदर्शन भिंतींवरच होतं. मी यंदा पाठवत नाही. तिथे गेले, मुद्राचित्रांच्या काचेला नाक लावून पेन्सिलीतले आकडे (एकूण किती प्रती, त्यातली ही कितवी) वाचत हिंडले आणि माझी जाळी अजून कच्ची आहे हे मान्य करून परत आले.

त्याऐवजी आमच्या भागातल्या वाचनालयात तीन चौकटी लावल्या. मिळालेली भिंत खिडकीसमोरची होती, उजेडानं चित्रं विटतात म्हणून ती मी बदलून मागितली. इथल्या नॅशनल गॅलरीत इंग्लिश चित्रकार टर्नरची जलरंगचित्रं फक्त जानेवारीत बाहेर काढतात, कारण १९०० मध्ये ती देणाऱ्या हेन्री वॉन यांनी मृत्युपत्रातच तशी अट घातली. वर्षातला सगळ्यांत मिणमिणता उजेड तेव्हाचा. ग्रंथपालबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमच्याकडे बाराही महिने जानेवारीच असतो. भिंत मात्र बदलून दिली.

नऊ प्रती, १/९ पासून. चौथी त्या सहकाऱ्यानं घेतली. दुकान कुठल्या काठावर आहे ते आधी तपासून. पुढचा ठोकळा मूर स्ट्रीटवरच्या भाजीवाल्या बायकांचा. वहीत आत्ता फक्त हात आहेत, पिशवीला गाठ मारणारे.