पी-व्हॅल्यू 0.03 आली, मग 97 टक्के खरं ना?

लघुप्रबंधांचा मोसम आला की गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी विद्यार्थ्यांची ये-जा वाढते. प्रश्न बहुतेकांचा एकच: "मॅडम, पी-व्हॅल्यू 0.03 आली. म्हणजे माझी परिकल्पना 97 टक्के खरी ना?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही.

समजा, निफाडच्या एका बागेत काही द्राक्षवेलींवर नवं द्रावण फवारलंत आणि काहींवर नुसतं पाणी. पाण्याच्या वेली म्हणजे नियंत्रण गट. काढणीला फवारलेल्या वेलींचे घड सरासरीनं जड भरले. पण दोन वेलींचा माल एरवी तरी कुठे सारखा भरतो? म्हणून आधी धरून चालायचं की द्रावणानं काहीच फरक पडत नाही. ही शून्य परिकल्पना. मग विचारायचं, तसं असेल तर निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक कितीदा दिसेल? शंभरात साधारण तीनदा, ही झाली 0.03 ची पी-व्हॅल्यू. तुमची परिकल्पना खरी असण्याची शक्यता या गणितातून निघतच नाही. 2016 साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला हेच निवेदन काढून सांगावं लागलं होतं, तेव्हा गोंधळ झाला म्हणून लाजू नका.

पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली आली की फरक 'सार्थक' म्हणायचा, ही रेघ संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांची. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात असताना, 1925 च्या पुस्तकात त्यांनी ती सोयीची म्हणून सुचवली. सोयीची! आपण तिचं शास्त्रवचन करून टाकलं. त्यांचा खरा मोलाचा आग्रह मात्र आपल्या प्रबंधांतून गळतो: कुठल्या वाफ्याला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. ठिबकचं पाणी नीट पोचतं त्या वेली द्रावणाला दिल्यात आणि टोकाच्या तहानलेल्या ओळी नियंत्रण गटाला, तर पी-व्हॅल्यू कितीही लहान येऊ दे, श्रेय ठिबकचंही असू शकतं.

शिवाय हजारो घड तोलले तर दोन ग्रॅमचा फरकही 'सार्थक' ठरू शकतो. दोन ग्रॅमसाठी कुठला बागायतदार खिशात हात घालेल? त्यामुळे 'सार्थक फरक आढळला' एवढ्यावर प्रकरण संपवू नका. फरक किती ग्रॅमचा, घड किती तोलले, वेली कशा निवडल्या, हे लिहा. तोंडी परीक्षेला जाणता परीक्षक आधी तेच विचारतो.