सासरी पोचवायला

पायाला फोड आला तो तिसऱ्या दिवशी की चौथ्या, आठवत नाही. गढवालात, मुंदोलीत नंदादेवीच्या डोलीला, म्हणजे पालखीला, गाठलं आणि तिथून पुढचे दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. पाऊस, चहा, ओले मोजे, पुन्हा पाऊस.

नंदेच्या यात्रेला गेले होते असं सांगितलं की सगळे विचारतात, "बारा वर्षांनी निघते ती का?" नाही. ती राजजात, जात म्हणजे यात्रा. ती नौटीहून निघते, पुढे चार शिंगांचा मेंढा असतो आणि पार होमकुंडापर्यंत जाते. बारा वर्षांची म्हणायची, पण 2000 नंतर थेट 2014 साली निघाली. ही दरवर्षीची लोकजात, डोली कुरुड गावाची. वेदनी बुग्यालात, म्हणजे उंचावरच्या कुरणात, कुंडावर नंदासप्तमीची पूजा करायची आणि परत फिरायचं.

पंढरीच्या वाटेवर मी दोनदा सासवडपर्यंत चालले आहे, त्यामुळे निघताना जरा तोराच होता. पण वारीत आपण माहेराला निघालेलो असतो, पाय आपोआप उचलतात. इथे उलटं. नंदा म्हणजे गढवालची ध्याण, माहेरवाशीण, आणि सगळा मुलूख तिला कैलासाला सासरी पोचवायला निघालेला. तिला जायचं नसतं. वेशीपाशी आली की डोली मागे वळते. खांदेकऱ्यांची पावलं चुकतात, ढोल-दमाऊ चढत जातो, भंकोरे फुंकले जातात आणि जागर गाणाऱ्या बायकांचा आवाज गाता गाताच फुटतो. मिशाळ पुरुषही डोळे पुसतात.

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मला याचा वैताग आला. दर वर्षी जाते, दर वर्षी येते, मग एवढं रडायचं काय? त्यात माझ्या कडेने एक पोरगा मोबाईल उंच धरून रडणाऱ्यांचंच चित्रण करत चाललेला. आणि डोक्यात जाऊबाई. घरी त्याच आठवड्यात गौरी बसणार होत्या, पुरणाची पाळी माझी होती, आणि मी ती त्यांच्या गळ्यात टाकून आले होते. "जा हो, तुमची गौर तिकडेच," एवढंच म्हणाल्या त्या. ते वाक्य चढावर दगडासारखं पाठीवर.

वाण हे शेवटचं गाव. लाटू देवतेचं दार वैशाख पौर्णिमेलाच उघडतं, तेही पुजाऱ्याच्या डोळ्यांना पट्टी बांधून. बंद दाराला हात जोडले आणि निघाले. पुढची वाट नंदेच्या या भावाची.

नीलगंगा ओलांडली की गैरोली पातलचा चढ लागतो. बांज आणि बुरांसचं दाट रान, खाली कुजक्या पानांचा चिखल, नवे बूट. दुपारी टाच अशी पेटली की मी वाटेतच बसले. माणसं कडेने जात होती, रिंगाळाच्या, म्हणजे डोंगरी बांबूच्या, छंतोल्या (छत्र्या) डुलत होत्या, मागून कुणीतरी "जय माँ नंदा" म्हणालं आणि मला उत्तर द्यावंसंही वाटलं नाही.

एक म्हातारी थांबली. पाठीला गाठोडं, नाकात ही मोठी नथ. "भुली, दिखा," (भुली म्हणजे धाकटी बहीण) म्हणून माझा मोजा तिनेच ओढला. मी वारीतल्या सवयीने सुई-दोरा काढला, फोडातून दोरा ओवला आणि टोकं तशीच सोडली. तिने कपाळाला हात लावला. असलं शिवणकाम तिने पाहिलं नव्हतं. मग गाठोड्यातून मोहरीच्या तेलाची बाटली काढली, टाचेवर तेल चोळलं, पदराची कड फाडून घट्ट बांधली. बूट उचलून दाबून पाहिला. "चमड़ा तो नहीं?" देवीच्या वाटेवर चामडं चालत नाही. कापडी आहे म्हटल्यावर मान डोलावली, बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ते माझ्या गळ्यात अडकवले आणि स्वतःच्या रबरी चपला माझ्यापुढे सरकवल्या.

"आणि तुम्ही?"

तिने अनवाणी पाय चिखलात आपटून दाखवला आणि चढू लागली. माझं वय पन्नास, तिचं सत्तरच्या पुढे असावं. चपला मला आखूड होत्या, टाच बाहेर, दर चार पावलांना घसरायच्या. कृतज्ञता वाटायला हवी होती. मी चपलांना शिव्या देत वर पोचले.

बुग्यालात रात्री राहायला 2018 पासून न्यायालयाची बंदी आहे, म्हणून झोप गैरोलीतच, एका तंबूत अकरा जणी. रात्री ती म्हातारी शेजारी होती. गाठोडं सोडून तिने नंदेचं सामान दाखवलं: बांगड्या, टिकली, तांदूळ-गुळाचे अरसे, चुडा म्हणजे पोहे, मक्याची कणसं आणि मोसमातली पहिली काखडी. आपली काकडीच. घरात कुणी चाखायच्या आधी लेकीला. मग मला विचारलं, तू मैतहून काय आणलंस?

मैत म्हणजे माहेर. मी काहीच आणलं नव्हतं. पिशवीत भाऊजींनी बळेच दिलेले शेंगदाण्याचे चार लाडू होते, तेही वाटेत मलाच खायला. दोन उरले होते.

वेदनी अकरा हजार फुटांवर. त्रिशूळ शिखर समोरच दिसतं म्हणतात, आम्हाला ढग. कुंडाभोवती गर्दी, धक्काबुक्की, कुणाचं तरी कोपर बरगडीत. म्हातारीने मला पुढे ढकललं. मी तिच्या काखडीशेजारी लाडू ठेवले, आणि मला एकदम आठवलं की घरी गौरी उठवताना आम्ही किती घाईत असतो. कुणाला ऑफिस, कुणाला गाडी. मुखवटे पुसायचे, साड्यांच्या घड्या, पाट रिकामा. गाणाऱ्या बायकांत उभी राहून मीही रडले. त्या पोराने तेही टिपलं असणार.

परतीच्या वाटेवर म्हातारी दिसेना. डोली खाली बांकच्या वाटेला वळली, पुढे सहा महिने देवराड्याला आजोळी राहायला. ती त्या गर्दीत गेली असेल. चपला हातात घेऊन मी वाणला थांबले, दोन चहा होईपर्यंत.

लोहाजंगला मोबाईलला रेंज आली. जाऊबाईंचा निरोप आदल्या संध्याकाळचा होता. "गौरी गेल्या. तुमच्या वाटणीच्या दोन पोळ्या फ्रीजरमध्ये आहेत. पुरण जरा कच्चं राहिलंय."