‘पडला’ म्हणजे नेमकं काय झालं: आमच्या कोडिंग फर्मची वाटचाल

२०१३ची दिवाळी झाली आणि नाशिकला गंगापूर रोडवर दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही तिघांनी काम सुरू केलं. मी शिक्षणाने फिजिओथेरपिस्ट. त्याआधी चार वर्षं नवी मुंबईतल्या एका कंपनीत रात्रपाळीला मेडिकल कोडिंग केलं होतं. अमेरिकेतल्या डॉक्टरने पेशंटबद्दल लिहिलेलं वाचायचं, त्याला कोड लावायचे, आणि त्या कोडवर हॉस्पिटलचं बिल इन्शुरन्सकडे जातं, असं मी घरी समजावलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तू नीट वाचलंस तरच त्यांना पैसे मिळणार!" त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं.

एका मोठ्या कंपनीकडून आम्हाला उरलेलं काम मिळायचं. त्यात इमर्जन्सीच्या, विशेषतः मोटरसायकल अपघाताच्या फायली जास्त. कुणाला त्या नकोच असायच्या. एकाच माणसाचं डोकं, बरगड्या, खांदा, नडगी, सगळ्याला मार. पाच डॉक्टरांच्या नोंदी, आणि पैसे मात्र साध्या फायलीइतकेच. आम्हाला निवड नव्हती. शिवाय दुचाकी म्हणजे आमच्या रोजच्या जगण्यातली गोष्ट. डबलसीट बसलेल्याला कुठे लागतं, सायलेन्सरने पोटरी कशी भाजते, हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. तिकडच्या थंड राज्यांत लोक हिवाळाभर गाडी झाकून ठेवतात आणि उन्हाळ्यात बाहेर काढतात. त्यामुळे आमच्याकडे ऐन गणपतीत कामाचा ढीग असतो, आजही.

१ ऑक्टोबर २०१५ला अमेरिकेत आजार-दुखापतींच्या कोडची जुनी यादी, आयसीडी-९, जाऊन आयसीडी-१०-सीएम ही नवी यादी लागू झाली. जवळजवळ चौदा हजार कोडचे सत्तर हजारांच्या घरात गेले. जुन्या पद्धतीत पाय डावा की उजवा हे कोडमध्ये येतच नव्हतं. आता बाजू हवी, हाड सरकलंय का हवं, उघडं फ्रॅक्चर असेल तर त्याचा प्रकारही हवा. दुचाकीस्वाराला तर व्ही-२० ते व्ही-२९ असा अख्खा गट आला: माणसाला किंवा जनावराला धडक व्ही-२०, कारला व्ही-२३, ट्रक-बसला व्ही-२४, खांब-भिंतीला व्ही-२७, धडक न होता गाडी घसरली तर व्ही-२८. चालवणारा की मागे बसलेला, हेही वेगळं. तीनचाकीच्या गटात मोटर लावलेली रिक्षासुद्धा आहे. ते वाचून आमच्या ऑफिसातल्या मुलांना फार आनंद झाला होता. हे अपघाताचे कोड तिकडेही सरसकट सक्तीचे नाहीत, राज्याच्या आणि इन्शुरन्सच्या नियमांवर ते ठरतं. पण खर्च गाडीच्या विम्याने द्यायचा की आरोग्य विम्याने, हा प्रश्न अपघात कसा झाला यापाशीच येतो.

नव्या कोडच्या पहिल्याच वर्षी आम्ही दोन चुका केल्या. एका फायलीत डॉक्टरने लिहिलं होतं, ‘लेड द बाइक डाउन’. आमच्याकडे काम करणाऱ्या मुलीला वाटलं, त्याने गाडी उभी करून ठेवली. खरं तर त्याने कारला चुकवायला गाडी मुद्दाम रस्त्यावर आडवी पाडली होती. कारला स्पर्श झाला असेल तर व्ही-२३, नसेल तर व्ही-२८. नोंदीत ते स्पष्ट नव्हतं. अशा वेळी डॉक्टरला विचारायचं असतं, तेही उत्तर सुचवणारा प्रश्न न घालता. आम्ही अंदाजाने लावून टाकलं.

दुसरी चूक जास्त लागली. नडगीचं उघडं फ्रॅक्चर. इमर्जन्सीच्या कागदावर नुसतं ‘ओपन’, म्हणून आम्ही कोडचं शेवटचं अक्षर ‘बी’ दिलं, जे कमी गंभीर उघड्या फ्रॅक्चरला असतं. ऑपरेशनच्या नोंदीत सर्जनने ‘टाइप थ्री-बी’, म्हणजे गंभीर प्रकार, लिहिलं होतं; त्याला ‘सी’ हवं होतं. आमचा वाचक तिथवर पोचलाच नव्हता. ऑडिटमध्ये ते निघालं आणि दोन महिने काम थांबलं. तेव्हा मी माझे दागिने गहाण ठेवून पगार केले. त्यानंतर आमच्याकडे शेवटचं पान वाचल्याशिवाय पहिला कोड लागत नाही.

नवीन मुलं हमखास अडखळतात ते बंद फ्रॅक्चरच्या कोडला शेवटी लागणाऱ्या ‘ए’ या अक्षरावर. त्याचा अर्थ ‘इनिशियल एन्काउंटर’, म्हणजे पहिली भेट, असं सगळ्यांना वाटतं. पण आठवड्याने दुसऱ्या सर्जनने ऑपरेशन केलं तरी मुख्य उपचार चालू असेपर्यंत ते ‘ए’च. हाड जुळायला लागल्यावरच्या तपासण्यांना पुढची अक्षरं. २०२२च्या ऑक्टोबरपासून ई-बाइकलाही स्वतंत्र कोड आले, तेव्हा हे सगळं पुन्हा शिकवलं.

आज आम्ही चौतीस जण आहोत. पण आमच्या कामाला वेगळं वळण लागलं ते अमेरिकेच्या फायलीमुळे नाही. आमच्याकडच्या एका मुलीच्या भावाला दिंडोरीजवळ टेम्पोने उडवलं. त्याला दवाखान्यात आणणाऱ्या मित्राने घाबरून "गाडीवरून पडला" एवढंच सांगितलं, डॉक्टरने तेच लिहिलं. डिस्चार्ज कार्डावर ‘आरटीए, बीबी लेग’, म्हणजे रस्ता अपघात, गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडलेली. पाय कोणता, ते नाही. अपघात दावा न्यायाधिकरणात विमा कंपनीच्या वकिलाने तो कागद पुढे केला: हा स्वतःच पडला, टेम्पोचा संबंध काय? पंचनाम्यामुळे आणि एका साक्षीदारामुळे दावा टिकला, पण तीन वर्षं गेली. ती मुलगी रोज आमच्याकडे दुसऱ्या देशातल्या लोकांचे पाय डावे-उजवे तपासत होती. मला ते फार लागलं.

तेव्हापासून शनिवारी दुपारी मी इथल्या छोट्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांना आणि सिस्टरना तासभर शिकवते. त्याचे पैसे घेत नाही. बाजू लिहा, शुद्ध किती वेळ हरपली ते लिहा, हकिकत कुणी सांगितली ते लिहा.

गेल्या महिन्यात रात्री अकराला त्यातल्या एका तरुण डॉक्टरचा फोन आला. "मॅडम, सोबतचे म्हणतायत गाडी घसरली. पेशंट शुद्धीवर नाही. काय लिहू?"

म्हटलं, "सोबतच्यांनी सांगितलं, असंच लिहा, नातं आणि वेळ टाकून. तो बोलायला लागला की त्याचं वेगळं लिहा. आधीचं खोडू नका."

"पाय उजवा आहे, ते लिहिलंय," तो म्हणाला.