दोन दिवस आली नाहीस, म्हणून आले

सदाशिव पेठेत तुम्ही आठ दिवस खोलीबाहेर पडला नाहीत तरी कुणाला काही खटकत नाही. अभ्यासिकेतली खुर्ची रिकामी दिसली तर शेजारची म्हणते, गावाला गेली असेल. मेसवाल्या काकू वहीत खाडे लिहितात. रूममेटला वाटतं, रिव्हिजन चालू आहे. २०२४ च्या सुरुवातीला माझं असंच चाललं होतं आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही, यात कुणाचाच दोष नव्हता. सगळ्यांचंच तसं चाललेलं असतं.

मी जिंतूर तालुक्यातली. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेचा तिसरा अटेम्प्ट. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक होणार होती, त्यामुळे जुन्या पद्धतीची ही शेवटची संधी, असं जो तो सांगत होता. त्यात पूर्व परीक्षेची तारीखच धड ठरेना. एप्रिलची जुलैत गेली. पुढे जुलैची ऑगस्टात गेली आणि ऑगस्टची थेट १ डिसेंबरला, पण ते नंतरचं. पहाटे साडेतीनला जाग यायची आणि पुन्हा झोप लागायची नाही. मूलभूत हक्कांचं एकच पान तीन दिवस उघडं होतं. केस धुवायचे म्हटलं तरी डोंगर चढायचा असल्यासारखं वाटायचं. बाबांचा रोज रात्री फोन. "काय करायलीस बाई?" "वाचायलेय." संपलं बोलणं.

मेसमध्ये माझ्यासमोर एक ताई बसायच्या. बँकेत क्लार्क, वय तिशीच्या आत-बाहेर. एकदा म्हणाल्या, "रविवारी पहाटे साडेपाचला भिडे पुलापाशी ये." मी म्हटलं, मला पळता येत नाही, शाळेतही कधी पळाले नाही. त्यावर म्हणाल्या, "पळायला कोण सांगतंय? आमच्या किल्ल्या सांभाळायला माणूस पाहिजे."

दोन रविवार मी खरोखर किल्ल्या सांभाळल्या. नदीपात्रातल्या रस्त्याकडेला कठड्यावर बसून चौदा जणांच्या किल्ल्या, मोबाइल, पाण्याच्या बाटल्या. सगळे विशी-तिशीतले. त्यात एक नर्स होती, दोन आयटीवाले, एक डिलिव्हरीचं काम करणारा, चार-पाच आमच्यासारखे 'एमपीएससी' आणि पोलीस भरतीची तयारी करणारा बीडचा एक पोरगा. कुणी मला मी कोण, कुठली, कितवा अटेम्प्ट असं काही विचारलं नाही. हा त्यांचा ठरलेला नियम होता हे मला नंतर कळलं. परीक्षा, पगार आणि लग्न, या तीन गोष्टी समोरच्याने आपण होऊन काढल्याशिवाय विचारायच्या नाहीत. पुण्यात पंचविशीच्या पोरीला हे तीन प्रश्न न विचारणारी चौदा माणसं एका जागी सापडणं म्हणजे काय, हे पेठेत राहिलेल्यालाच कळेल.

तिसऱ्या रविवारी मीच उठले. किल्ल्या डिलिव्हरीवाल्याच्या पाठपिशवीत टाकल्या.

नवख्यांसाठी ते नऊ आठवड्यांचा क्रम वापरत. हा क्रम जगभर वापरतात. आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं झपझप चालायचं, मग साठ सेकंद पळायचं, नव्वद सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. म्हणजे एकूण आठ मिनिटं पळणं, तेही तुकड्यातुकड्यांनी. मला ते ऐकून हसू आलं होतं. पहिल्या साठ सेकंदांतच हसू गेलं. छातीत भाता चालू आणि पोटरीला गोळा.

तेव्हा माझ्या अंगावर सलवार-कमीज होता, ओढणी कमरेला बांधलेली. पायात अभ्यासिकेत जायचे कॅनव्हासचे बूट. बुटांचं सगळे सांगतात, म्हणून मी दुसरंच सांगते. मुलींनो, आधी नीट स्पोर्ट्स ब्रा घ्या. हे मला नर्स मैत्रिणीने बाजूला घेऊन सांगितलं आणि तुळशीबागेत स्वतः घेऊन गेली. बुटांचं पुढच्या महिन्यात पाहिलं.

गटाचा वेग सगळ्यांत हळू पळणाऱ्याचा, हा दुसरा नियम. पळता पळता सलग एक वाक्य बोलता आलं पाहिजे, येत नसेल तर वेग जास्त आहे. बीडच्या पोराला हे फार जड जायचं. त्याला १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत पळायचं होतं, कारण भरतीत त्यालाच पूर्ण वीस गुण असतात. तो बाकीचे दिवस सारसबागेजवळच्या सणस मैदानावर जीव तोडून पळायचा आणि रविवारी आमच्यासोबत बैलगाडीच्या चालीने. एकदा म्हणाला, "ताई, हितं कुणी शिट्टी मारत नाही, म्हणून येतो."

पाचव्या आठवड्याची सगळ्यांना धास्ती असते. पहिल्या दिवशी पाच-पाच मिनिटांचे तीन तुकडे, दुसऱ्या दिवशी आठ-आठचे दोन, आणि तिसऱ्या दिवशी एकदम सलग वीस मिनिटं. मी आदल्या रात्री 'उद्या नाही' असं लिहून पुसलं. मेचा शेवट होता, पहाटेसुद्धा अंगाला चिकचिक. बारा मिनिटं झाली तेव्हा ताईंनी त्यांच्या आईच्या भाकरीची गोष्ट काढली. भाकरी कधीच गोल यायची नाही, तरी वडील नकाशा ओळखत बसायचे, ही ऑस्ट्रेलिया, ही श्रीलंका. मी हसता हसता म्हटलं, माझी आई सात वर्षांपूर्वी गेली. का म्हटलं कोण जाणे. पुण्यात आल्यापासून हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ताई थांबल्या नाहीत, माझ्याकडे वळून पाहिलं नाही, 'अरेरे' म्हणाल्या नाहीत. थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "तिच्या भाकरी गोल होत्या का?" वीस मिनिटं कधी झाली कळलं नाही.

इथपर्यंत ऐकून लोकांना वाटतं, झालं, पोरगी पळायला लागली आणि बरी झाली. मलाही जूनमध्ये तसंच वाटत होतं. नवव्या आठवड्यात सलग तीस मिनिटं पळाले, पेढे वाटले.

जुलैत पाऊस धरला. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो. २५ जुलैला तर सिंहगड रस्त्याकडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं. आमचं पळणं सणस मैदानावर गेलं. ते खोलीपासून लांब नाही, पण मला निमित्त पुरलं. गटात एक हजेरी असायची. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर प्रत्येकाने 'येते' किंवा 'नाही' एवढंच लिहायचं. कारण द्यायचं नाही. मी आधी 'नाही' लिहिलं, मग काहीच लिहिलं नाही. अंगात त्राणच नव्हतं. पुन्हा साडेतीनची जाग. आता तर मनात असंही येऊ लागलं की मी नसले तर बाबांचा खर्च तरी वाचेल. हा विचार मला तेव्हा साध्या हिशोबासारखा वाटायचा. त्याचंच आता जास्त भय वाटतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी खालून मालकीणबाईंनी हाक मारली. ताई जिन्यात उभ्या, छत्रीतून पाणी गळतंय. मी म्हटलं, काय झालं? म्हणाल्या, "दोन दिवस आली नाहीस, लिहिलंही नाहीस. म्हणून आले."

गटात प्रत्येकाची एकेक जोडी लावलेली असते. लागोपाठ दोनदा माणूस आला नाही आणि हजेरीही लिहिली नाही, की जोडीदाराने दारात जायचं. फोन नाही, मेसेज नाही, दारात. मला इतके दिवस वाटत होतं की जोडी वेग सांभाळायला असते.

ताईंनी उपदेश केला नाही. त्यांनी सरळ विचारलं, मरावं असं मनात येतंय का? इतकं उघड कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी हो म्हटलं. मग खाटेवर बसून आम्ही दोघींनी १४४१६ लावला. हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फुकट आणि चोवीस तास. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मी स्वतः तो चालू घडामोडींच्या वहीत लिहून पाठ केला होता, योजनेचं नाव आणि तारीख यासाठी. लावायचा असतो हे डोक्यात आलं नव्हतं. मराठीत बोलता आलं. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. आज रात्री एकटी राहू नकोस आणि उद्याच मानसोपचारतज्ज्ञाला भेट, असं सांगितलं. त्या रात्री ताई माझ्याच खोलीत जमिनीवर झोपल्या.

सरकारी दवाखान्यातला दिवस लांबच लांब होता. केसपेपरच्या खिडकीवर माणसाने मोठ्याने विचारलं, "मानसिक का?" मागच्या रांगेने माझ्याकडे पाहिलं. ते अजून विसरले नाही. पण आतल्या डॉक्टर चांगल्या होत्या. त्यांनी नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, गेल्या दोन आठवड्यांत काय काय किती वेळा झालं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. सत्तावीसपैकी माझे एकोणीस आले. आयुष्यात पहिल्यांदा जास्त गुण वाईट ठरले. रक्तही तपासलं. हिमोग्लोबिन ९.१, बाईमाणसाचं निदान १२ हवं. मेसची पातळ आमटी आणि दिवसाला सहा चहा, दुसरं काय होणार? धाप लागायची ती निम्मी त्यातली होती आणि मी स्वतःला आळशी म्हणत होते.

गोळी सुरू झाली. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतील, पहिले काही दिवस मळमळेल, बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं. लोहाच्या गोळ्या वेगळ्या. समुपदेशन दर पंधरा दिवसांनी. पळू का, विचारलं तर म्हणाल्या, "आधी महिनाभर चाल. गट मात्र सोडू नकोस."

गटात एक जण होता, पळून पळून चार हाफ मॅरेथॉन केलेला. त्याला कळल्यावर म्हणाला, गोळ्या कशाला, घाम गाळ, मेंदूत आपोआप सगळं तयार होतं. वाईट माणूस नाही, पण ताईंनी त्याला त्याच दिवशी बाजूला घेतलं. अशा बोलण्याने कुणीतरी गोळी बंद करतं.

मी अभ्यासू पोरगी, म्हणून नंतर शोधून वाचलं. ॲमस्टरडॅममध्ये नैराश्य आणि चिंतेच्या १४१ रुग्णांपैकी बहुतेकांना गोळी की पळणं हे निवडायला दिलं होतं, थोड्यांचं चिठ्ठीने ठरवलं, सोळा आठवड्यांसाठी. ९६ जणांच्या वाट्याला पळणं आलं, ४५ जणांच्या गोळी. मनाला आलेला आराम दोन्हीकडे साधारण सारखाच. पण ठरल्याप्रमाणे गोळी घेणारे ८२ टक्के टिकले आणि पळणारे ५२ टक्केच. मला त्यात शेवटचा आकडा सगळ्यात ओळखीचा वाटला. पळणं सुचवणं सोपं आहे हो. जुलैत माझ्या अंगात उठायचंच बळ नव्हतं, तेव्हा मला कुणी पळ म्हटलं असतं तर मी आणखी खचले असते. त्या दिवसांत पळण्याने मला काही दिलं नाही. दिलं ते हजेरीने.

ऑगस्टात परीक्षा पुन्हा पुढे गेली. त्याआधी शास्त्री रस्त्यावर पोरं रात्रंदिवस बसून होती. मी एक संध्याकाळ जाऊन आले आणि वेळेवर झोपले. सप्टेंबरात एक दिवस आमटीला लसणाची चव आहे हे लक्षात आलं. गोळीचा परिणाम म्हणजे एवढंच, कुणी विचारलं तर मी हेच सांगते. ऑक्टोबरात हिमोग्लोबिन ११.४ झालं आणि मी पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरू केलं, साठ सेकंद पळणं, नव्वद सेकंद चालणं. कुणी हसलं नाही. बीडचा पोरगा माझ्यासोबत चालला.

१ डिसेंबरला पूर्व दिली. निघाली नाही. रडले, दोन दिवस हजेरीत 'नाही' लिहिलं. पण लिहिलं.

आता मी एका संस्थेत डेटा एन्ट्रीचं काम करते आणि संध्याकाळी अभ्यास. डॉक्टर गोळी हळूहळू कमी करतायत. दिवाळीत घरी गेले होते तेव्हा बाबांना सगळं सांगितलं होतं, नऊ प्रश्नांच्या कागदासकट. ते बराच वेळ अंगणात बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिले. आता फोनवर आधी विचारतात, गोळी घेतलीस का. गावात मात्र ते सांगतात की पोरगी पीएसआयच्या मैदानी परीक्षेसाठी पहाटे पळायली. मी एकदा म्हटलं, बाबा, खरं सांगा की. म्हणाले, "सांगीन. आधी मला नीट सांगता यायला पाहिजे."