तक्रारपेटीतली चिठ्ठी

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४मध्ये शाळांतल्या सुरक्षेबाबत शासन निर्णय निघाला, तेव्हापासून नागपुरातल्या आमच्या खाजगी शाळेतही कॅमेरे, तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती यांच्याकडे नव्याने लक्ष गेले. शाळेची समुपदेशक म्हणून पेटी उघडताना मी हजर असते. एरवी पेटीत पाण्याच्या, स्वच्छतागृहाच्या तुटलेल्या कडीच्या तक्रारी निघतात. कडी हाही सुरक्षेचाच विषय आहे, हे व्यवस्थापनाला वारंवार लिहून द्यावे लागते, ते असो.

त्या दिवशी वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिले होते : ‘मॅडम आरटीईवाल्यांना उभं राहायला लावतात. पोरं हसतात.’ शिक्षणहक्क कायद्यानुसार २५ टक्के राखीव जागांवर आलेली मुले गणवेशावरून ओळखू येत नाहीत. मोफत पुस्तकांच्या यादीने ती वर्गाला ओळखवून दिली होती.

आम्ही वर्गातल्या कॅमेऱ्याचे चित्रण पाहिले. त्याला आवाज नाही. बाई यादीवर खुणा करतात, काही मुले उभी राहतात, मागच्या बाकावरचा मुलगा शेजाऱ्याला कोपर मारतो आणि खिडकीजवळची एक मुलगी बसूनच राहते. बाई तिच्याकडे पाहून काही बोलतात, तेव्हा ती बाकाला धरून अर्धवट उठते. “यात मारहाण कुठे आहे?” समितीच्या एका सदस्यांनी विचारले.

वास्तविक २००९च्या याच कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही मनाई करते आणि तो करणाऱ्यावर सेवा नियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई सांगते. पण पॉक्सोचे, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचे, कलम १९ सर्वांना पाठ असते, कारण गुन्ह्याची माहिती दडवली तर तुरुंगवास होऊ शकतो. कलम १७चा उल्लेख आमच्या प्रशिक्षणात चहाच्या सुट्टीआधी उरकला जातो. मुख्याध्यापकांचा सूर निराळाच होता : शासनाकडे या मुलांच्या शुल्काची प्रतिपूर्ती थकली आहे, हिशेबाला यादी लागणारच. थकबाकीचे गाऱ्हाणे खरे आहे, पण तिची वसुली चौथीच्या वर्गातून कशासाठी?

इतिवृत्तात कलम १७ नोंदवावे, असा मी आग्रह धरला आणि बऱ्याच घासाघिशीनंतर ते नोंदवले गेले. बाईंनी लेखी खुलासा दिला. आता ही पुस्तके पालकांना कार्यालयातून मिळतात. चिठ्ठी कोणाची, याचा शोध मी घेऊ दिला नाही. खिडकीजवळच्या मुलीला मात्र मी ओळखते. तिला बोलावून घेतले तर पुन्हा एकदा वर्गासमोर उभे केल्यासारखे होईल आणि न बोलावले तर माझे काम काय, हे अजून ठरलेले नाही.